गेमिंग संगणकासाठी भरवशाचा पॉवर सप्लाय: वॉटच्या आकड्याआधी काय तपासावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० टीआय सुपर ग्राफिक्स कार्ड अशी नवी जुळणी केली, पण पॉवर सप्लाय (भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना योग्य व्होल्टेजवर पुरवणारा डबा) मात्र जुन्या संगणकातला, ६५० वॉटचा, तसाच ठेवला. आता एखादा जड खेळ सुरू केला की थोड्या वेळाने, पडद्यावर कोणतीही चूक न दाखवता, अख्खा संगणक बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. त्यामुळे नवा पॉवर सप्लाय ८५० वॉटचा घ्यावा की १००० वॉटचा, त्यावर कार्यक्षमतेचा ‘गोल्ड’ हा शिक्का असायलाच हवा का, आणि सारख्याच वॉटच्या दोन सप्लायच्या किमतीत दुपटीचा फरक कशामुळे पडतो, असे तुम्ही विचारले आहे.

आधी सरळ उत्तर देतो. या जुळणीला चांगल्या प्रतीचा ७५० वॉटचा सप्लाय पुरेसा आहे. पुढे याहून मोठे कार्ड घेण्याचा विचार पक्का असेल तर ८५० घ्यावा. १००० वॉटची गरज नाही. मात्र या उत्तरातला ‘चांगल्या प्रतीचा’ हा शब्दप्रयोग आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि पुढचे बहुतेक लिखाण त्याच्यासाठीच आहे. पॉवर सप्लायची पारख तो रोज किती वीज देतो यावर होत नाही. भार अचानक उसळला, बाहेरची वीज क्षणभर गेली किंवा आतला एखादा भाग निकामी झाला, तर तो कसा वागतो यावर ती होते. संगणकातला दुसरा एखादा भाग बिघडला तर सहसा तेवढाच भाग जातो. पॉवर सप्लाय वाईट रीतीने बिघडला तर मदरबोर्ड, कार्ड आणि साठवण असे सगळेच सोबत नेऊ शकतो.

हिशेब अगदी सोपा आहे. तुमच्या कार्डाची निर्धारित वीजमर्यादा २८५ वॉट आहे. प्रोसेसरवर १२० वॉट लिहिलेले असले तरी सॉकेटमधून तो जास्तीत जास्त १६२ वॉट घेऊ शकतो, आणि खेळताना तर सहसा त्यापेक्षा बराच कमी घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि यूएसबीवरची उपकरणे यांसाठी साठ-सत्तर वॉट धरले, तर सगळे एकाच वेळी आपापल्या मर्यादेला टेकले तरी बेरीज ५१० ते ५२० वॉटच्या आसपास जाते. या कार्डासाठी एनव्हिडिया ७०० वॉटच्या सप्लायची शिफारस करते, आणि त्या शिफारशीत निकृष्ट सप्लाय वापरणाऱ्यांसाठीची सोयही धरलेली असते. इतर कोणत्याही जुळणीसाठी हीच पद्धत वापरावी: कार्डाची मर्यादा, प्रोसेसरची कमाल मर्यादा आणि किरकोळ भार यांची बेरीज करावी आणि येणारी संख्या सप्लायच्या क्षमतेच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश इतकी राहील असे पाहावे. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र जाहिरातीतला आकडा धरू नये. इंटेलच्या कोअर आय९ १४९००केची मूळ मर्यादा १२५ वॉट आहे, पण टर्बोची, म्हणजे वाढीव वेगाने चालतानाची, २५३ वॉट आहे, आणि हिशेबात दुसरीच धरली पाहिजे.

मग ५२० वॉटची जुळणी ६५० वॉटच्या सप्लायवर का कोसळते? याला दोन कारणे संभवतात आणि बहुधा ती एकत्रच काम करत असतात.

पहिले कारण क्षणिक उसळ्यांचे आहे. २८५ वॉट हा कार्डाचा सरासरी भार असतो. प्रत्यक्षात ग्राफिक्स चिप सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात आपला भार झपाट्याने वरखाली करते, आणि अशा एखाद्या क्षणी मागणी सरासरीच्या दुपटीकडे जाऊ शकते. भिंतीवरच्या वॉटमीटरला किंवा संगणकातल्या मोजणीच्या प्रोग्रॅमला हे दिसत नाही, कारण ते इतक्या जलद मोजत नाहीत. सप्लायच्या आतल्या संरक्षक मंडलाला मात्र ते दिसते. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ही कार्डे आली तेव्हा कागदोपत्री पुरेसे असलेले अनेक सप्लाय याच कारणाने ट्रिप होऊ लागले, म्हणजे संरक्षक मंडल जागे होऊन बंद पडू लागले. त्यानंतर २०२२ मध्ये इंटेलने जाहीर केलेल्या एटीएक्स ३.० या मानकात उसळ्यांसाठी स्पष्ट अटी घालण्यात आल्या. ग्राफिक्स कार्डासाठीचा नवा १६ पिनांचा कनेक्टर असलेल्या, ४५० वॉटपेक्षा अधिक क्षमतेच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांसाठी क्षमतेच्या २०० टक्के, १ मिलिसेकंदासाठी १८० टक्के आणि १० मिलिसेकंदांसाठी १६० टक्के भार न कोसळता पेलला पाहिजे. म्हणूनच आज नवा सप्लाय घेताना त्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ असा उल्लेख असणे ही मी जवळजवळ सक्तीची अट मानतो. जुन्या रचनेच्या १००० वॉटच्या सप्लायपेक्षा ही अट खरोखर पाळणारा ७५० वॉटचा सप्लाय तुमच्या कामाला अधिक योग्य आहे.

दुसरे कारण तुमच्या जुन्या सप्लायच्या लेबलवर सापडेल. त्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि कार्ड ही दोन्ही वीजखाऊ अंगे १२ व्होल्टवरच चालतात. ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाहिन्यांवर फारच थोडा भार असतो. ६५० वॉटच्या चांगल्या सप्लायवर १२ व्होल्टसाठी ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॉट दिलेले असतात. जुन्या किंवा स्वस्त रचनेत तिथे ४० अँपिअर आढळले तर प्रत्यक्षात तुमच्या हाती ४८० वॉटच आहेत आणि उरलेला आकडा न वापरल्या जाणाऱ्या वाहिन्यांवर दाखवलेला आहे. कधी कधी १२ व्होल्टच्या दोन वाहिन्या वेगवेगळ्या छापलेल्या असतात. त्यांची थेट बेरीज करू नये, खाली दिलेली एकत्रित मर्यादाच खरी धरावी.

नवा सप्लाय आणण्यापूर्वी निदान पक्के करून घ्या. कार्डाच्या नियंत्रण प्रोग्रॅममधून त्याची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणा आणि तोच खेळ तेवढाच वेळ चालवा. संगणक बंद पडणे थांबले तर संशयाची सुई सप्लायकडे वळते. न थांबले तर प्रोसेसरचे तापमान, रॅमची गती आणि केबलची बैठक या गोष्टी आधी तपासाव्या लागतील. विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद पाहून बरेच जण सप्लायच दोषी ठरवतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच असतो की संगणक रीतसर बंद न होता थांबला. तो कशामुळे थांबला हे ती सांगत नाही. मल्टिमीटरने १२ व्होल्ट मोजून ‘व्होल्टेज ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणेही तितकेच अपुरे आहे, कारण मिलिसेकंदापुरती घसरण मल्टिमीटर दाखवू शकत नाही.

आता संरक्षणाविषयी, कारण भरवसा म्हणतात तो मुख्यतः इथे ठरतो. चांगल्या सप्लायमध्ये व्होल्टेज वाढणे, व्होल्टेज घटणे, एखाद्या वाहिनीवर अतिप्रवाह होणे, एकूण भार मर्यादेबाहेर जाणे, शॉर्टसर्किट होणे आणि आतले तापमान वाढणे या सहाही गोष्टींवर नजर ठेवणारी मंडले असतात. खोक्यावर या सगळ्यांची नावे छापणे सोपे असते. ती कोणत्या मर्यादेला लावली आहेत हा खरा प्रश्न आहे. क्षणिक उसळीसाठी नव्हे, तर सलग अतिभारासाठीचे संरक्षण क्षमतेच्या ११०-१२० टक्क्यांवर लावले असेल तर सप्लाय वेळीच थांबतो. तेच १५० टक्क्यांवर लावले असेल तर आतले मॉस्फेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे भाग) जळेपर्यंत संरक्षण जागे न होण्याचा धोका असतो. २०२१ मध्ये गिगाबाइटच्या पी७५०जीएम या मॉडेलविषयी नेमकी हीच तक्रार जगभर गाजली. चाचणी घेणाऱ्यांच्या टेबलावर ते सप्लाय अतिभाराखाली स्फोटासारख्या आवाजासह निकामी झाले, आणि नंतर कंपनीने त्या संरक्षणाची मर्यादा खाली आणली. हे मॉडेल ८० प्लस गोल्ड प्रमाणित होते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

गोल्डच्या शिक्क्याचा अर्थ यामुळे नीट समजून घेतला पाहिजे. ८० प्लस ही २००४ साली सुरू झालेली कार्यक्षमतेची प्रमाणपत्र योजना आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती भाग संगणकाला मिळतो आणि किती उष्णतेत जातो, एवढेच ती मोजते. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डसाठी २०, ५० आणि १०० टक्के भारावर अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता लागते. चाचणी २३ अंश सेल्सिअस तापमानात होते, जे बंद कॅबिनेटच्या आत उन्हाळ्यात क्वचितच मिळते. उसळी पेलण्याची ताकद, व्होल्टेजची शुद्धता, संरक्षणाची मर्यादा, कपॅसिटरचे (विद्युतभार साठवणाऱ्या भागांचे) आयुष्य यांपैकी कशाचीही परीक्षा ती योजना घेत नाही. तरीही मी गोल्डला किमान पायरी मानतो, आणि त्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की ४०० वॉटच्या भारावर ९० टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय साधारण ४४ वॉट उष्णता करतो, तर ८२ टक्क्यांचा सुमारे ८८ वॉट करतो. म्हणजे आत उष्णता निम्मी, पंखा संथ आणि भागांचे आयुष्य अधिक. दुसरे असे की गोल्डची कार्यक्षमता जुनाट मंडलरचनेतून सहजी निघत नाही, त्यामुळे उत्पादकाला आतली रचना बहुधा आधुनिक करावीच लागते. प्लॅटिनम आणि टायटॅनियम या त्याहून वरच्या पायऱ्या चांगल्याच आहेत, पण केवळ वीजबिल वाचेल म्हणून त्यांच्यामागे धावण्याइतकी बचत घरच्या गेमिंग संगणकात होत नाही.

आतली आधुनिक रचना म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. स्वस्त, जुन्या पद्धतीत ५ आणि १२ व्होल्टच्या वाहिन्यांचे नियमन एकत्र बांधलेले असते. १२ व्होल्टवर कार्डाचा भार वाढला आणि ५ व्होल्टवर जवळपास काहीच भार नसला, की एक वाहिनी खाली दबते आणि दुसरी वर चढते. गेमिंग संगणकाचा भार तर सदैव असाच एकतर्फी असतो. नव्या पद्धतीत सगळी शक्ती आधी १२ व्होल्टमध्ये आणली जाते आणि तिच्यातून डीसी-टू-डीसी परिवर्तकांनी ५ व ३.३ व्होल्ट तयार केले जातात, त्यामुळे एका वाहिनीचा भार दुसरीला ढकलत नाही. वर्णनात ‘डीसी-टू-डीसी’ आणि ‘एलएलसी’ (कार्यक्षम अशा आधुनिक मंडलरचनेचे नाव) हे शब्द असतील तर सप्लाय योग्य पिढीचा आहे असे समजायला हरकत नाही.

कपॅसिटरबाबत ‘जपानी, १०५ अंशांचे’ असे खोक्यावर ठळक छापलेले असते. निप्पॉन केमी-कॉन, रुबिकॉन, निचिकॉन यांचे कपॅसिटर चांगले असतात यात वाद नाही. पण कित्येकदा मुख्य कपॅसिटर तेवढा जपानी असतो आणि बाकीचे कुठले आहेत याविषयी मौन असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी घटले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. १०५ अंशांवर २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकतो. ८५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा कपॅसिटर त्याच ठिकाणी ८००० तासांतच थकतो. सप्लायची पूर्ण क्षमता किती तापमानापर्यंत मिळते, हेही याच ओघात पाहावे. ४० अंशांपर्यंतच पूर्ण क्षमता देणाऱ्यापेक्षा ५० अंशांपर्यंत देणारा मला केव्हाही अधिक विश्वासार्ह वाटतो.

खोक्यावरचे नाव आणि आतला निर्माता हे बहुतेक वेळा वेगळे असतात. सीसॉनिक, सुपर फ्लॉवर, सीडब्ल्यूटी, एफएसपी असे मोजके कारखाने अनेक नामांकित ब्रँडसाठी सप्लाय बनवतात, आणि एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या मालिका वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात. त्यामुळे ‘अमुक ब्रँड चांगला’ या सल्ल्यावर खरेदी करू नये. नेमके मॉडेल आणि त्याची आवृत्तीसुद्धा पाहावी, कारण नाव तेच ठेवून आतली रचना बदलली जाते. त्या मॉडेलची अशी चाचणी शोधावी की जिच्यात सप्लायवर ठरावीक भार टाकणारे खरे भारयंत्र आणि व्होल्टेजचे जलद चढउतार दाखवणारा ऑसिलोस्कोप वापरले आहेत. नुसते खोके उघडून केबलची लांबी दाखवणारे परीक्षण इथे निरुपयोगी आहे. चाचणीत मी चार गोष्टी वाचतो. १२ व्होल्टवरचे रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, किती आहे: मानकाची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे, पण चांगले सप्लाय ३०-४० च्या आसपास किंवा त्याखाली राहतात. व्होल्टेज किती हलते: मर्यादा साधारण पाच टक्के आहे, पण चांगल्यांमध्ये एक-दोन टक्क्यांच्या आत राहते. वीज गेल्यावर किती मिलिसेकंद तग धरतो. आणि संरक्षणे प्रत्यक्षात किती टक्क्यांवर जागी होतात. सायबेनेटिक्स ही संस्था मोजमापाचे सविस्तर अहवाल खुले ठेवते आणि कार्यक्षमतेबरोबर आवाजाचीही प्रतवारी करते. सुरुवात तिथून करणे उत्तम. वॉरंटीही बोलकी असते: दहा वर्षांची हमी देणारा उत्पादक आतल्या भागांवर पैसे वाचवण्याआधी नक्कीच विचार करतो.

तग धरण्याचा मुद्दा बहुतेक जण वगळतात, म्हणून त्यावर दोन वाक्ये जास्त लिहितो. पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद तग धरावा ही एटीएक्सची जुनी अपेक्षा होती. अलीकडच्या मानकात पूर्ण भारासाठी ती १२ मिलिसेकंदांपर्यंत सैल झाली आणि १७ ची अपेक्षा ८० टक्के भारासाठी राहिली. तुम्ही यूपीएस वापरत असाल तर त्याला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा काळ सप्लायने स्वतःच्या मुख्य कपॅसिटरवर काढायचा असतो. कमी तग धरणारा सप्लाय असला की यूपीएस असूनही संगणक बंद पडतो आणि दोष यूपीएसला दिला जातो. यूपीएस शक्यतो शुद्ध साइन वेव्ह देणारा निवडा, कारण आजच्या सप्लायमधील सक्रिय पॉवर फॅक्टर सुधारणेचे (भिंतीतून वीज सुरळीत ओढून घेण्याचे) मंडल पायऱ्यापायऱ्यांच्या लाटेवर कधी कधी अडखळते. यूपीएसवरचा व्हीए हा आकडा वॉटपेक्षा मोठा असतो. तुमच्या हिशेबाला वॉटचाच आकडा लागेल.

केबलच्या बाबतीत सर्वात कडक इशारा हा: मॉड्युलर, म्हणजे केबल वेगळ्या काढता येणाऱ्या, सप्लायच्या केबल एका मॉडेलमधून दुसऱ्यात कधीही वापरू नका, ब्रँड तोच असला तरीही. कार्डाच्या आणि मदरबोर्डाच्या बाजूची पिनरचना ठरलेली आहे. सप्लायच्या बाजूची ठरलेली नाही. प्लग अगदी चपखल बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन त्या केबलवरच्या एसएसडी व हार्ड डिस्क एका क्षणात जळू शकतात. दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांत पूर्णपणे टाळता येण्यासारखे एवढे मोठे नुकसान मी दुसऱ्या कशानेही झालेले पाहिलेले नाही. नवा सप्लाय बसवताना जुन्या केबल कॅबिनेटमध्ये छान ओवलेल्या आहेत म्हणून तशाच ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा आणि सगळ्या काढा.

तुमच्या कार्डाला १६ पिनांचा कनेक्टर असण्याची शक्यता मोठी आहे. त्यासाठी सप्लायसोबत आलेली मूळ केबल वापरावी. जोडणीला सुधारित १२व्ही-२x६ हा कनेक्टर असेल तर अधिक चांगले. त्यात वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब आणि सूचना देणाऱ्या पिना आखूड केलेल्या आहेत, जेणेकरून प्लग पूर्ण बसल्याशिवाय कार्ड भार घेत नाही. पूर्ण ६०० वॉटला या कनेक्टरच्या प्रत्येक वीजवाहक पिनेतून ८ अँपिअरहून अधिक प्रवाह जातो आणि गाफीलपणाला फारशी जागा उरत नाही. तुमचे कार्ड त्याच्या निम्म्याहून कमी घेते, तरीही प्लग शेवटपर्यंत दाबून खटका बसल्याची खात्री करा आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरच्या आत केबल वाकवू नका. कार्डासोबत आलेला अडॅप्टर वापरावा लागलाच, तर त्याच्या प्रत्येक आठ पिनांच्या तोंडाला सप्लायकडून स्वतंत्र केबल द्या. एकाच केबलच्या दोन शेपट्या दोन्हीकडे लावल्या तर ३०० वॉटचा भार तीनच तारांवर येतो.

पंख्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फ्लुइड डायनॅमिक किंवा दुहेरी बॉल बेअरिंगचा पंखा टिकाऊ असतो, आणि कमी भाराला पंखा पूर्ण थांबण्याची सोय शांततेसाठी चांगली असली तरी उष्ण खोलीत ती बंद ठेवणे मला श्रेयस्कर वाटते. कॅबिनेटमध्ये सप्लायसाठी किती लांबी उपलब्ध आहे ते मात्र खरेदीपूर्वी मोजा. १४० मिलिमीटरचे सप्लाय बहुतेक ठिकाणी बसतात, लांब सप्लाय डिस्कच्या पिंजऱ्यापाशी अडतात.

जुना ६५० वॉटचा सप्लाय चालू आहे म्हणून दुसऱ्या गेमिंग संगणकात बसवू नका. लेबलवरचे १२ व्होल्टचे अँपिअर पुरेसे असतील, वय पाच-सहा वर्षांच्या आत असेल आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा संगणक असेल, तरच तो तिथे वापरता येईल. वरची जाळी फुंकून धूळ काढण्यापलीकडे तो उघडूही नका: आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्टच्या आसपास विद्युतभार असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. वापरायचा नसेल तर न उघडता इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्या.